नकाराची किंमत कोणी मोजायची?
उल्हासनगर कॅम्प ४ मधील सुटे काम, घरखर्च आणि सदसद्विवेक

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेने एका कामगाराला केंद्रीय कायद्यात प्रथमच नाव दिले आहे. ज्याला कोणी कायम नोकरीवर ठेवलेले नाही, जो मिळेल ते काम अंगावर घेतो आणि त्या कामापुरताच मोबदला मिळवतो, तो हा 'गिग' कामगार होय. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ साली अशा कामगारांची संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. ॲपद्वारे काम देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, असे संहिता सांगते. ही रक्कम कामगारांच्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक असणार नाही, अशी मर्यादाही तिने घातली आहे.

या तरतुदींचे स्वागतच करायला हवे. परंतु विमा, अपघात आणि म्हातारपण यांचा विचार करणारा कायदा ज्या प्रश्नाला स्पर्श करीत नाही, असा एक प्रश्न सुट्या कामावर जगणाऱ्या माणसापुढे वारंवार उभा राहतो. समोर आलेले काम योग्य नाही, हे मन सांगत असते. घरात मात्र खोलीभाडे थकलेले असते, शाळेची फी भरायची असते आणि वाणी उधारी मागत असतो. पगारदारापुढेही असा पेच येतो. तथापि त्याच्या हाताशी महिन्याचा पगार असतो, वरिष्ठांपुढे गाऱ्हाणे मांडण्याची काही तरी सोय असते. सुट्या कामाच्या माणसाला प्रत्येक कामागणिक 'हो' किंवा 'नाही' म्हणावे लागते आणि 'नाही' म्हटल्यास त्या दिवसाची कमाई बुडते, पुष्कळदा काम देणाराही दुरावतो. उल्हासनगर कॅम्प ४ सारख्या वस्तीत हा पेच घरोघरी ओळखीचा आहे. त्याचा विचार केवळ व्यक्तीच्या प्रामाणिकपणापुरता करून चालेल का, हे या लेखात पाहावयाचे आहे.

छावणीतून उभे राहिलेले शहर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या बांधवांना तिच्या बराकींमध्ये आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. कॅम्प १ ते ५ ही नावे मात्र लोकांच्या तोंडी कायम राहिली. या माणसांपाशी जमीन नव्हती आणि नोकरीही नव्हती. बराकीत पापड लाटायचे, लोणची घालायची आणि लोकलगाडीत नेऊन विकायची, येथून अनेकांनी सुरुवात केली. थोडक्यात, हे शहर सुट्या कामावरच उभे राहिले.

पुढे या १३ चौरस किलोमीटरांच्या आसपासच्या क्षेत्रात पाच लाखांहून अधिक वस्ती झाली. महाराष्ट्रातील अन्य जिल्ह्यांतून, उत्तरेतून आणि दक्षिणेतून माणसे आली. परिसरातील मोठ्या कारखान्यांतील कायम नोकऱ्यांचा आधार काळाच्या ओघात आटत गेला. शेजारच्या मोहने येथील एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला, तेव्हा पगारावर उभे असलेले कितीतरी संसार एकाएकी सुट्या कामाकडे वळले. कॅम्प ४ आणि कॅम्प ५ च्या गल्ल्यांत जीन्सचा धंदा फोफावला तो याच मनुष्यबळावर. एका ठिकाणी कापड कापले जाते, दुसरीकडे नगावर शिलाई होते, तिसरीकडे काज-बटण आणि रिव्हेट लागतात. धागे कापण्याचे काम बंडल बांधून घरोघरी जाते आणि ते बहुधा गृहिणी करतात. या साखळीतील बहुतेकांना नेमणूकपत्र नसते. असतो तो नगाचा दर, ठेकेदाराची वही आणि आगाऊ घेतलेली उचल.

गेल्या काही वर्षांत याच घरांमधील मुलेमुली संगणकावर आणि मोबाइलवर सुटी कामे करू लागली आहेत. कोणी जाहिरातीचे मजकूर लिहितो, कोणी छोट्या दुकानदारांची बिले व हिशेब तयार करतो, कोणी चित्रफिती जुळवतो. आईच्या मांडीवरचे बंडल आणि मुलाच्या पडद्यावरचे काम यांत वरवर साम्य दिसत नाही. मूळ व्यवहार मात्र एकच आहे: काम झाले की पैसे, आणि पुढचे काम मिळेलच याची शाश्वती नाही.

पेच कोठे निर्माण होतो?

समजा, एका गृहिणीकडे पँटचे बंडल आले आणि सोबत एका नामांकित परदेशी कंपनीच्या नावाची लेबले आली. तो माल त्या कंपनीचा नाही, हे तिला ठाऊक आहे. लेबल लावले तर नगामागे थोडे अधिक पैसे मिळतात. या शहराच्या नावावर बनावट मालावरून पुष्कळ विनोद केले जातात आणि त्यांत येथील लाखो प्रामाणिक कष्टकऱ्यांवर अन्याय होतो. तरीही असे काम समोर येते, हेही नाकारता येत नाही. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणे हा गुन्हा असून त्यासाठी ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फसवणुकीचा हेतू नव्हता, हे सिद्ध करणाऱ्याची सुटका होऊ शकते. पण ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. छापा पडला की प्रथम सापडतो तो सुईदोरा हातात असणारा. लेबले छापून घेणारा तेथे क्वचितच असतो.

दुसरे उदाहरण संगणकावरचे. न घेतलेल्या वस्तूंची स्तुती करणारे शंभर अभिप्राय लिहून द्या, असे काम येते. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले ते याच फसवणुकीला आळा घालण्यासाठी. कधी पैसे लावून खेळायच्या खेळाची जाहिरात करायची असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल, अशी तरतूद त्यात आहे. कधी न झालेल्या विक्रीचे बिल बनवून मागितले जाते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात हाही गुन्हाच आहे. काम देणारा म्हणतो, "तुम्हाला फक्त टाइप करायचे आहे." सुट्या कामात बहुतेक चुकीच्या गोष्टी अशाच लहान तुकड्यांनी हातात येतात. संपूर्ण गैरव्यवहार कोणा एकाला सांगितला जात नाही. प्रत्येकाला आपल्या वाट्याचा तुकडा तेवढा दिसतो आणि तो निरुपद्रवी वाटतो.

वालधुनीने दिलेला धडा

या तुकड्यांची बेरीज किती भयंकर होऊ शकते, हे आपल्या शहराने पाहिले आहे. अंबरनाथच्या डोंगरांत उगम पावणारी वालधुनी इ.स. १०६० मधील प्राचीन शिवमंदिराच्या शेजारून वाहत उल्हासनगरात येते आणि पुढे कल्याणजवळ उल्हासच्या खाडीला मिळते. तिच्या पात्रात अनेक वर्षे कारखान्यांचे रसायनयुक्त पाणी, शहराचे सांडपाणी आणि जीन्स धुलाईचे निळे पाणी मिसळत राहिले. जीन्सला जुनाट रूप देण्यासाठी प्युमिस दगड, ब्लीच, पोटॅशियम परमँगनेट अशा द्रव्यांचा वापर होतो आणि उरलेले पाणी प्रक्रियेविना सोडले की ते थेट नदीत उतरते.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनीकाठच्या वस्तीला पहाटेच्या वेळी विषारी वायूचा त्रास होऊ लागला. श्वास कोंडल्याने आणि मळमळीने हैराण झालेल्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. टँकरमधून नदीत सोडलेले रसायन हे त्याचे कारण होते. अशा व्यवहारात टँकर चालवणाऱ्याला फेरीचे पैसे मिळतात. फेरी केली तर कमाई, न केली तर खाडा. एका फेरीचे हे पैसे आणि झोपेत गुदमरणारी लेकरे यांच्यामध्ये केवळ एक झडप उघडण्याचे अंतर असते.

'वनशक्ती' या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१५ मध्ये उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे २०१८ च्या सुमारास उल्हासनगरातील शेकडो जीन्स धुलाई केंद्रांवर कारवाई होऊन ती बंद झाली. त्यातील काही काम शेजारच्या ग्रामीण भागाकडे सरकले. नदीच्या दृष्टीने ही कारवाई आवश्यकच होती. तिची झळ मात्र कोणाला बसली? धुलाईवर अवलंबून असलेली शिलाई मंदावली, इस्त्रीवाल्यांचे काम थांबले, धागे कापणाऱ्या घरांकडे येणारी बंडले कमी झाली. ज्यांनी नदीत एक थेंबही सोडला नव्हता, त्यांनीही या बंदीची किंमत मोजली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'मी नाही म्हटले तर माझेच नुकसान होईल, दुसरा कोणीतरी ते काम करीलच,' असे या साखळीतील प्रत्येकाला वाटत होते. एकेकट्याच्या दृष्टीने तो हिशेब खोटा नव्हता. पण सर्वांनी मिळून टाळलेला नकार अखेर बंदीच्या रूपाने सर्वांच्याच दारी आला आणि तेव्हा तयारीला वेळ उरला नव्हता.

तुर्कस्तानातही जीन्सच्या धंद्याने असेच रूप दाखवले होते. वाळूचा झोत मारून जीन्स फिकी करण्याच्या कामात इस्तंबूलच्या नोंदणी नसलेल्या छोट्या कार्यशाळांतील तरुण फुप्फुसांच्या सिलिकोसिस रोगाला बळी पडले. २००९ मध्ये तेथील सरकारने या पद्धतीवर बंदी घातली, तेव्हा हे काम अन्य देशांतील कारखान्यांकडे गेले. दरासाठी आणि रूपासाठी दबाव आणणारे बाजार तेच राहिले, कष्ट करणारे हात तेवढे बदलले.

गरज ही सबब आहे की सक्ती?

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीने या प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात सांगितले, की अधिक वाईट संकट टाळण्यासाठी किंवा दुसरा पर्याय नाही म्हणून कामगार कठोर अटी मान्य करतो, तेव्हा ती त्याची मुक्त संमती नसते. तो सक्तीचा आणि अन्यायाचा बळी असतो. 'त्याने आपणहून दर मान्य केला होता,' हा ठेकेदाराचा युक्तिवाद त्यामुळे नीतीच्या कसोटीवर टिकत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मधील 'लाबोरेम एक्झेरचेन्स' या परिपत्रकात आणखी एक पाऊल पुढे टाकले. प्रत्यक्ष काम देणाऱ्याबरोबरच एक 'अप्रत्यक्ष मालक'ही असतो, असे त्यांनी दाखवून दिले. कामाच्या अटी ज्यांच्यामुळे ठरतात ते कायदे, संस्था आणि आर्थिक व्यवहार या सर्वांचा त्यात अंतर्भाव होतो. वालधुनीच्या बाबतीत पाहायचे तर सांडपाण्याच्या प्रक्रियेची सोय वेळेवर न करणारे प्रशासन, रोज दर पाडून मागणारा व्यापारी आणि स्वस्तात मिळाली म्हणून आनंदाने पँट घेणारे आपण ग्राहक, हे सारे त्या अप्रत्यक्ष मालकाचे भाग ठरतात.

तथापि याचा अर्थ सुट्या कामगाराची जबाबदारी संपली असा होत नाही. कॅथोलिक नीतिशास्त्रात, विशेषतः संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या विवेचनानंतर, दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहभागाच्या पायऱ्या काळजीपूर्वक वेगळ्या केल्या जातात. ते दुष्कृत्य व्हावे अशीच इच्छा मनात धरून केलेले साहाय्य कोणत्याही परिस्थितीत निषिद्ध आहे. इच्छा नसताना आपल्या श्रमाचा उपयोग दुसऱ्याने वाईटासाठी केला, तर मात्र विचार करावा लागतो: माझा हात त्या अपायाच्या किती जवळ आहे? अपाय किती गंभीर आहे आणि तो कोणाला होणार आहे? माझी गरज खरोखर किती मोठी आहे? आणि या कामातून बाहेर पडण्याचा मार्ग मी शोधतो आहे की नाही?

हे प्रश्न कॅम्प ४ मधील उदाहरणांना लावून पाहिले, की सरसकट दोष देणे किंवा सरसकट माफी देणे या दोहोंतील उणीव लक्षात येते. पुढे ज्या पँट कोठेतरी प्रक्रियेविना धुतल्या जातील, त्यांचे धागे कापणारी स्त्री त्या प्रदूषणापासून फार दूर आहे. तिच्या रोजच्या भाकरीवर बोट ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. खोटे लेबल जाणूनबुजून शिवणारी व्यक्ती फसवणुकीच्या बरीच जवळ आली आहे. गरज मोठी असेल तर तिचा दोष हलका होईल, पण त्या कामाला योग्य म्हणता येणार नाही, आणि त्यातून बाहेर पडण्याचा प्रयत्न तिने करायला हवा. रसायनाची झडप रात्री नदीत उघडणाऱ्याचा हात अपायाच्या अगदी लगत आहे आणि अपाय प्राणावर बेतणारा आहे. तेथे फेरीच्या पैशांची सबब चालत नाही. जुगाराची जाहिरात लिहिणाऱ्या तरुणानेही, ती आपल्याच गल्लीतील एखाद्या मुलाच्या मोबाइलवर पोहोचणार आहे, हे ध्यानात ठेवावे.

शुभवर्तमानातही हाच विवेक आढळतो. जकातदार आणि शिपाई योहान बाप्तिस्त्याकडे येऊन 'आम्ही काय करावे?' असे विचारतात, तेव्हा तो त्यांना काम सोडून द्यायला सांगत नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका, जुलूम करू नका, असे सांगतो. लूकच्या तिसऱ्या अध्यायातील हा प्रसंग पोटासाठी संशयास्पद व्यवसायात अडकलेल्यांना दिलासा देणारा आहे आणि जागेवर राहूनच बदल करण्याचे बंधन घालणाराही आहे.

कार्थेजच्या बिशपांचे उत्तर

पण जेथे काम सोडणे हाच एकमेव योग्य मार्ग असतो, तेथे काय? तिसऱ्या शतकाच्या मध्यावर उत्तर आफ्रिकेतील एका धर्मसमाजापुढे नेमका हा प्रश्न आला होता. ख्रिस्ती झालेला एक नट स्वतः रंगमंचावर जाणे थांबवूनही मुलांना नाट्यकला शिकवून पोट भरत होता. त्या काळची रंगभूमी मूर्तिपूजेशी व बीभत्सतेशी जोडलेली असल्याने ख्रिस्तसभेला तो व्यवसाय मान्य नव्हता. युक्रेशियस नावाच्या बिशपांनी याविषयी कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांना विचारले. सिप्रियन यांनी स्पष्ट उत्तर दिले की त्याने हे काम थांबवावे. मात्र ते तेथेच थांबले नाहीत. तो दारिद्र्याची अडचण सांगत असेल, तर ख्रिस्तसभा ज्यांचे पोषण करते त्यांच्याबरोबर त्याचीही सोय व्हावी; त्याने साध्या अन्नावर समाधान मानावे; आणि तुमच्या धर्मसमाजाला तो भार झेपत नसेल, तर त्याला आमच्याकडे पाठवा, त्याला अन्नवस्त्र आम्ही देऊ, असे त्यांनी लिहिले.

या पत्राला सुमारे पावणेदोन हजार वर्षे झाली. आजच्या नटाला कोणी व्यवसाय सोडायला सांगणार नाही. पण पत्रामागचा न्याय अजूनही आपल्याला विचार करायला लावणारा आहे. जो धर्मसमाज आपल्या माणसाकडून नकाराची अपेक्षा करतो, त्याने त्या नकाराच्या किमतीतला वाटा उचलला पाहिजे. आपण बहुधा अर्धेच करतो. प्रवचनात आणि घरातील उपदेशात प्रामाणिकपणा सांगितला जातो. प्रामाणिक राहिल्यामुळे ज्याचा आठवडा कोरडा गेला, त्याच्या घरी मात्र त्याबद्दल विचारपूस करायला कोणी जात नाही.

किंमत वाटून घेण्याचे मार्ग

नकार देण्याचे बळ धैर्याइतकेच खिशातील शिलकीतूनही येते. सुट्या कामगाराची शिलक संपते ती अनेकदा कमी कमाईमुळे नव्हे, तर केलेल्या कामाचे पैसे महिनोन्महिने अडकल्यामुळे. या बाबतीत कायदा त्याच्या बाजूने आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर ही मर्यादा १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीमुळे असे पैसे वेळेत न देणाऱ्या व्यापाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजावटीसाठी दाखवता येत नाही. यासाठी लागणारी 'उद्यम' नोंदणी विनामूल्य असून ती संगणकावरून होते. घरी शिवणकाम करणारी व्यक्ती किंवा जाहिरातींची मांडणी करणारा तरुणही स्वतंत्र उपक्रम म्हणून ती करू शकतो. धर्मग्रामातील संगणक जाणणाऱ्या दोन-तीन तरुणांनी रविवारच्या मिस्सानंतर तासभर बसून इतरांची ही नोंदणी करून दिली, तर ते मोठेच सेवाकार्य ठरेल. जे ठेकेदाराकडून बंडले घेतात व ज्यांना उपक्रम म्हणून नोंदणी करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२१ पासून सुरू असलेले 'ई-श्रम' हे असंघटित कामगारांचे नोंदणीस्थळ आहे.

दुसरा मार्ग पतपुरवठ्याचा. ठेकेदाराकडून घेतलेली उचल हीच अनेकांच्या पायातील बेडी असते. उचल फिटेपर्यंत तो देईल ते काम करावे लागते. वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथोलिकांची सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच आज बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवायचे तर केवळ सावकाराला दोष देऊन भागत नाही, त्याला दुसरीकडून पैसे मिळायला हवेत, हे त्या पिढीने ओळखले. कॅम्प ४ मध्ये एवढ्या मोठ्या संस्थेची गरज नाही. वीस-पंचवीस कुटुंबांचा बचत गट जर एखाद्या सभासदाला 'चुकीचे काम नाकारले म्हणून' दोन-तीन आठवड्यांचा खर्च बिनव्याजी देऊ शकला, तर तो सभासद ठेकेदाराशी मान वर करून बोलू शकेल. छोटे ख्रिस्ती समूह आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आजारपणात आणि मृत्यूच्या प्रसंगी धावून जातातच. अशा नकारालाही त्यांनी संकटाच्या यादीत स्थान द्यावे.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. आपल्या धर्मग्रामात केवळ काम करणारेच नाहीत, काम देणारेही आहेत. कोणाचा शिलाईचा कारखाना आहे, कोणाचे दुकान आहे, कोणी घरचे बांधकाम ठेक्यावर देतो. दोन पक्षांनी मजुरी मान्य केली म्हणजे ती नीतीला धरून झाली असे नाही, ही कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाची स्पष्ट शिकवण आहे. स्वतः संत पौलाने करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी तंबू शिवून पोट भरले. नगावर काम करणाऱ्याचा हिशेब त्याच दिवशी चुकता करणे आणि 'हे काम मला नको' म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी डावलून न टाकणे, एवढे जरी काम देणाऱ्यांनी पाळले तरी कितीतरी घरांतील घुसमट कमी होईल.

एक आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. धर्मग्राम किती जणांना पोसणार? चुकीचे काम सर्वांनीच नाकारले तर गटाची तिजोरी एका महिन्यात रिकामी होईल. ही अडचण खरी आहे. मोठ्या बाजाराशी छोटा बचत गट झुंज देऊ शकत नाही. त्यासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे लागतात, नव्या संहितेची प्रामाणिक अंमलबजावणी लागते आणि घरबसल्या काम करणाऱ्यांची नोंद लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगिरीविषयीचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ मध्ये केला, भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. या मागण्या नागरिक म्हणून, अन्य धर्मीय शेजाऱ्यांसह, आपण केल्याच पाहिजेत. विषारी वायू घरात शिरताना धर्म विचारत नाही. पण शासन जागे होईपर्यंतच्या काळात ज्या माणसाला उद्या सकाळी 'हो' किंवा 'नाही' सांगायचे आहे, त्याला एकटे सोडणे हे आपल्या श्रद्धेला शोभणारे नाही. नकार देणारे एका वेळी थोडेच असतात. त्यांना सावरणे एका धर्मग्रामाच्या आवाक्यातले आहे.

पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून घोषित केला. नाझरेथचा तो सुतारही मिळेल ते काम करणारा, कामापुरता मोबदला घेणारा माणूस होता. त्या सणाच्या निमित्ताने प्रत्येक धर्मग्रामाने एक साधी बैठक घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. कोणाचे किती पैसे कोठे अडकले आहेत, कोणावर कोणाची उचल आहे आणि कोणते काम नाकारण्याची कोणाची इच्छा आहे, एवढेच तीन प्रश्न तिथे विचारावेत. उत्तरे नाव न घेताही देता येतील. ती ऐकल्यानंतर काय करायचे, हे ठरवणे फारसे कठीण जाणार नाही.